पोथी, लिपी आणि वाचक : मराठी हस्तलिखितांच्या जतनाविषयी काही विचार

१

जुन्या पोथीच्या अखेरीस, ग्रंथसमाप्तीनंतर, लेखनिक बहुधा दोन-चार ओळी स्वतःच्या म्हणून लिहितो. शक, संवत्सर, तिथी, गावाचे नाव आणि ज्याच्यासाठी पोथी उतरून काढली त्याचा निर्देश झाला की पुष्कळदा एक संस्कृत श्लोक येतो. त्यात पोथी स्वतःच बोलते. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून आपले रक्षण करावे व मूर्खाच्या हाती आपल्याला सोपवू नये, अशी तिची विनवणी असते. हा श्लोक भारतभरातील पोथ्यांत आढळतो. त्यामुळे एक ठराविक संकेत म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. वास्तविक जतनाच्या प्रश्नाची नेमकी मांडणी त्यात झालेली आहे. पहिली तीन संकटे वस्तूवरची आहेत. चौथे संकट वाचकाच्या बाजूने येणारे आहे. येथे ‘मूर्ख’ म्हणजे केवळ बुद्धिहीन मनुष्य नव्हे. हाती आलेली पोथी काय आहे हे ज्याला कळत नाही तो.

सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने पहिल्या तीन संकटांच्या अनुषंगाने होते. इमारत, कपाट, औषधफवारणी, सूक्ष्मपट आणि अलीकडे संगणकीय प्रतिमा हे त्या चर्चेचे विषय असतात. त्यांचे महत्त्व नाकारण्याचा प्रश्नच नाही. तथापि हस्तलिखित टिकणे आणि हस्तलिखितातील ग्रंथ टिकणे या दोन भिन्न गोष्टी असून, दुसरी गोष्ट वाचकपरंपरेवाचून शक्य नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. मराठीच्या प्राध्यापकांशी आणि विद्यापीठीय विभागांशी या प्रश्नाचा थेट संबंध कसा पोचतो, हे त्या ओघात पाहावयाचे आहे.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने घरातील जुन्या कागदांचे एक बासन दाखविण्यासाठी आणले. घराची डागडुजी करताना माळ्यावरील पेटीत अशी अनेक बासने निघाली होती. त्यांतील निम्म्याहून अधिक वडीलधाऱ्यांनी विधिपूर्वक नदीत सोडून दिली होती. या कृतीत अनादर नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्या पोथीचे वाचन होत नाही ती घरात ठेवू नये, भंगलेल्या मूर्तीप्रमाणे तिचे विसर्जन करावे, ही समजूत त्यामागे होती. उरलेल्या बासनात ज्ञानेश्वरीचे दोन सुटे अध्याय, काही पंचांगे, मोडीतील हिशेबाचे कागद आणि कोणालाच न ओळखता येणाऱ्या अक्षरांतील चौदा पाने होती. ती चौदा पाने प्रस्तुत लेखकालाही वाचता आली नाहीत. मोडीचे कागदही नीटसे लागले नाहीत. मराठी विषयात पीएच.डी. मिळवून तेव्हा दहा वर्षे उलटली होती. पुढे एका जाणकाराने ती पाने पाहून सांगितले, की ती महानुभावांच्या सकळ लिपीत असून एखाद्या पंथीय ग्रंथाच्या मधल्या भागातील आहेत. ग्रंथाचा आरंभ आणि शेवट बहुधा नदीत गेला होता. आपले पूर्वज कधी महानुभाव होते काय, याची त्या कुटुंबात कोणालाही आठवण नव्हती.

२

प्रथम वस्तूचा विचार करू. हस्तलिखित नाजूक असते, ही समजूत पूर्णतः खरी नाही. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद, काजळी आणि डिंक यांपासून सिद्ध केलेली शाई आणि बोरूचे लेखन ही सामग्री मुळात टिकाऊ आहे. काजळीची शाई रासायनिकदृष्ट्या स्थिर असते. ती सहसा उडत नाही व कागदाला खात नाही. हिराकसयुक्त शाईचे तसे नाही. ती कालांतराने कागद जाळते आणि अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचे छिद्र उरते. कागदाला हरताळ लावून तो पिवळा करण्याची पद्धत कीटकांपासून संरक्षणासाठी होती. पोथीच्या वरखाली लाकडी फळ्या देऊन ती सुती रुमालात घट्ट आवळली जाई. रुमालात वेखंड किंवा कडुनिंबाचा पाला ठेवीत. ‘सैल बांधणी’चा धोका येथे उमगतो. घट्ट बांधलेल्या पानांत हवा, धूळ आणि कसर यांना शिरकाव कमी मिळतो. पाने सैल राहिली की ती वाकतात, कडा मोडतात, आणि मुख्य म्हणजे क्रम बिघडतो.

याउलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापलेली मराठी नियतकालिके आज हात लावताच तुटतात. त्या कागदातील आम्लच त्याचा नाश करीत असते. तीनशे वर्षांपूर्वीची पोथी मऊ राहावी आणि शंभर वर्षांपूर्वीचे मासिक पापडासारखे मोडावे, हा अनुभव कोणत्याही जुन्या ग्रंथसंग्रहालयात येतो. ‘जुने ते अधिक धोक्यात’ हा हिशेब म्हणूनच फसवा आहे.

जुन्या पद्धतीतील एक गोष्ट मात्र आधुनिक संग्रहालयात हरवली आहे. श्रावणात किंवा चातुर्मासात पोथी काढली जाई, उघडली जाई, वाचली जाई आणि पुन्हा बांधली जाई. त्या निमित्ताने ओल, वाळवी, फाटलेले पान वेळीच दृष्टीस पडे; पान अगदीच जीर्ण झाले तर त्याची नवी नक्कल करून लावीत. वाचन हीच देखभाल होती.

३

वाचक आणि जतन यांचे नाते ज्या ग्रंथाच्या इतिहासात सर्वाधिक स्पष्ट दिसते तो ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साहाय्याने आणि स्वामींच्या सहवासात राहिलेल्या स्त्रीपुरुषांकडे जाऊन, प्रत्यक्ष विचारपूस करून या लीळा मिळविल्या. इ. स. १२७८ च्या सुमारास रिद्धपूर येथे हा ग्रंथ आकारास आला, असे सामान्यतः मानले जाते. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ जन्मतःच एक जतनकार्य होते, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. माणसांबरोबर आठवणी जातील, या जाणिवेतून तो घडला.

पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली, असे पंथीय परंपरा सांगते. तेव्हा ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा लिहून काढण्यात आला. हिराइसा या विदुषीच्या स्मरणातून आलेल्या पाठाला परंपरेत मान आहे. या पुनर्लेखनातून निरनिराळे पाठ निर्माण झाले. महानुभावीय लेखनिकांनी त्यांतील भेद दडवून टाकले नाहीत. एखाद्या प्रसंगाविषयी कोणाचे म्हणणे काय, हे ‘वासना’, ‘शोधु’ अशा संज्ञांनी ते पोथीतच नमूद करीत गेले. आधुनिक पाठचिकित्सा तळटीपेत जे करते त्याचे हे पूर्वरूप मानता येईल. कागद नष्ट झाला तरी वाचकांच्या ठायी ग्रंथ शिल्लक होता, म्हणून तो परत कागदावर येऊ शकला.

या इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच बोधप्रद आहे. ग्रंथांचे पावित्र्य राखावे आणि ते अनधिकारी व्यक्तीच्या हाती पडू नयेत, यासाठी पंथाने सांकेतिक लिप्या वापरल्या. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा इत्यादी लिप्यांपैकी सकळ लिपी सर्वांत प्रचलित झाली. तिचे कर्तृत्व परंपरा रवळोबासांना देते. अक्षरांची ठराविक अदलाबदल हे तिचे मुख्य तत्त्व आहे. या लिप्यांनी ग्रंथांचे रक्षण केले, यात संशय नाही. पंथाबरोबर हे मराठी ग्रंथ पंजाबापर्यंत गेले आणि तेथेही श्रद्धेने वाचले गेले. परंतु ज्या महाराष्ट्रात ते जन्मले तेथील पंथाबाहेरच्या समाजाला मात्र ते शतकानुशतके अज्ञात राहिले. परिणामी पंथाविषयी अनेक अपसमज रूढ झाले. मराठी वाङ्मयेतिहासाची प्रारंभीची मांडणीही या विपुल गद्याची पुरेशी दखल न घेता झाली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांनी या लिपीचा उलगडा केल्यावर मराठी गद्याचा आरंभबिंदू काही शतके मागे न्यावा लागला. त्यानंतर ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या संपादनांमुळे लीळाचरित्र विद्यापीठीय अभ्यासक्रमाचा भाग बनले.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. वाचणारा समूह जिवंत असेल तर ग्रंथ आपत्तीतूनही वाचतो. वाचणाऱ्यांचे वर्तुळ मात्र फार लहान राहिले तर ग्रंथ सुरक्षित राहूनही व्यापक संस्कृतीच्या दृष्टीने नसल्यासारखा होतो. सांकेतिक लिपी एके काळी हेतुपुरस्सर योजली गेली. आज मोडी आणि जुनी देवनागरीदेखील आपल्या दुर्लक्षामुळे सांकेतिक लिप्या होऊ लागल्या आहेत.

४

छापून झाले म्हणजे जतन झाले, असे पुष्कळांना वाटते. या संदर्भात दोन उदाहरणे परस्परांशेजारी ठेवून पाहावीत.

राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे आयुष्यभर गावोगाव हिंडून दप्तरे व पोथ्या मिळविल्या. बीडजवळील पाटांगण येथे मिळालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्राचीन पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये आपली संहिता छापली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीकालीन मराठीचे व्याकरण रचले. ती मूळ पोथी मात्र पुढच्या अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. त्यामुळे तिचा काळ, तिचे लेखन, राजवाड्यांचे वाचन यांविषयीचे वाद निर्णायकपणे मिटविण्याचे साधनच उरले नाही. छापील संहिता टिकली, पण पुरावा गेला.

दुसरे उदाहरण फादर स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाचे. गोव्यात १६१६ मध्ये रोमी लिपीत छापलेल्या या मराठी महाकाव्याच्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज ज्ञात नाही. तरीही ग्रंथ आपल्यापर्यंत आला, कारण मंगळूर परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांत तो हाताने उतरून घेतला जात होता आणि भक्तिभावाने वाचला-गायिला जात होता. अशा हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली. येथे मुद्रण हरले आणि हस्तलेखन जिंकले, असे वरवर दिसते. खरे पाहता दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरली ती वाचकांची उपस्थिती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण हाती घेतले ते तरी कशामुळे? ज्ञानेश्वरी वाचणारे, उतरून घेणारे आणि त्या भरात तीत भर घालणारे लोक उदंड होते म्हणून.

५

मोडीच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत तातडीचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही व्यवहाराची लिपी होती. पुण्याच्या पेशवे दप्तरात, भारत इतिहास संशोधक मंडळात, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात, तंजावरच्या सरस्वती महालात आणि असंख्य खाजगी घरांत तिचे कागद आहेत. त्यांची गणती कोट्यवधींत होते.

मोडी वाचणे म्हणजे केवळ अक्षरे ओळखणे नव्हे. शिरोरेषा आधी आखून घेऊन, हात शक्य तितका कमी उचलून लिहिलेल्या ओळीत शब्द तोडलेले नसतात. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. मायने, संक्षेप आणि कालगणना यांचे स्वतंत्र ज्ञान लागते. समजा, एखाद्या पत्रावर ‘सन सबा सबैन मया व अलफ’ असे वर्ष घातलेले आहे. सात, सत्तर, शंभर आणि हजार यांचे हे अरबी शब्द मिळून सुहूर सन ११७७ होतो आणि त्यावरून इ. स. १७७६-७७ हे वर्ष निश्चित होते. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासमोर त्या कागदाची कितीही स्वच्छ प्रतिमा ठेवली, तरी त्याला त्याचा काळ सांगता येणार नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. युनिकोड या संगणकीय प्रमाणकात २०१४ साली मोडीचा समावेश झाला आहे. हस्ताक्षर वाचणारी यंत्रेही विकसित होत आहेत. मग माणसाने हे श्रम का घ्यावेत? याचे उत्तर असे, की यंत्राला वाचन शिकविण्यासाठीही आधी माणसाने अचूक वाचलेली हजारो पाने लागतात, आणि यंत्राने केलेले वाचन बरोबर की चूक, हे पुन्हा माणसालाच ठरवावे लागते. चुकीचे वाचन मोठ्या प्रमाणावर व झपाट्याने होऊ लागले, तर ते न वाचण्यापेक्षा अधिक घातक ठरेल.

६

संस्थांचा विचार यानंतर करणे योग्य होईल. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ मध्ये स्थापन झालेले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर यांनी केलेले संग्रहाचे कार्य सर्वश्रुत आहे. परंतु संग्रह एकत्र येतो तेव्हा धोकाही एकत्र येतो. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर संस्थेवर हल्ला केला. कपाटे फोडली गेली, ग्रंथ आणि हस्तलिखिते जमिनीवर फेकली गेली. नंतरच्या काळात विस्कटलेला संग्रह पुन्हा लावावा लागला. हे काम कसे होते, याचा विचार केल्यास आपला मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सुटी पडलेली पाने उचलून ठेवणे कोणालाही जमेल. मात्र हे पान कोणत्या ग्रंथाचे, कोणत्या प्रतीचे आणि कोणत्या पानानंतरचे, हे लेखनिकाचे अक्षर, पत्रांक आणि संहिता जाणणाऱ्यालाच सांगता येते. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांनी केलेली हानीदेखील अखेर जाणकार हातांनीच भरून निघते.

शासकीय पातळीवर २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञानभारतम्’ ही योजना जाहीर झाली असून एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन हे तिचे उद्दिष्ट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. लीळाचरित्राच्या जन्मभूमीत, रिद्धपूर येथे, मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. या घटना स्वागतार्ह आहेतच. पण नोंदणी करावयाची म्हणजे पोथी कोणती हे ओळखावे लागते. चुकीच्या नावाने सूचीत गेलेली पोथी कपाटात सुरक्षित असूनही हरवलेलीच असते. एक कोटी हस्तलिखितांना एक कोटी प्रतिमासंच पुरणार नाहीत. ओळखणारे डोळे लागतील. ते तयार करण्याची जबाबदारी भाषाविभागांवाचून दुसऱ्या कोणाची आहे?

७

या बाबतीत आपल्या विभागांची स्थिती समाधानकारक आहे, असे म्हणता येत नाही. एकही हस्तलिखित न उघडता प्राचीन मराठी वाङ्मयावर पदवी मिळविता येते. प्रस्तुत लेखक स्वतः त्याचे उदाहरण आहे. पाठचिकित्सा हा विषय जेथे शिकविला जातो तेथे तो प्रायः व्याख्या आणि तत्त्वे यांपुरता असतो. एखाद्या ग्रंथाचे चिकित्सक संपादन करणे हे ‘स्वतंत्र संशोधन’ नव्हे, असाही एक पूर्वग्रह आढळतो. वस्तुतः राजवाडे, तुळपुळे, कोलते यांच्या पिढ्यांनी जे पाठ सिद्ध केले त्यांवरच आपली समीक्षा उभी आहे.

यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. पदव्युत्तर स्तरावर प्रत्येक विद्यार्थ्याने किमान दहा हस्तलिखित पानांचे लिप्यंतर करावे आणि दोन प्रतींचे पाठभेद नोंदवावेत, एवढी अट सहज घालता येईल. अप्रकाशित संहितेचे संपादन पीएच.डी.साठी प्रतिष्ठेचे मानले जावे. महानुभाव आश्रम, मठ आणि खाजगी घराणी यांच्याकडून पोथ्या मागून आणण्यापेक्षा, त्यांच्या संमतीने त्यांच्याच ठिकाणी प्रतिमा घेऊन सूची करावी. पोथी ज्यांच्या श्रद्धेने टिकली त्यांच्यापासून ती तोडणे नेहमीच हिताचे नसते. विसर्जनाची प्रथा ज्या भागात आहे तेथे ‘सोडण्यापूर्वी एकदा दाखवा’ एवढे आवाहन ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले, तरी कितीतरी साहित्य वाचेल.

आरंभी उल्लेखिलेली चौदा पाने त्या कुटुंबाने आता घरीच, नव्या रुमालात बांधून ठेवली आहेत. त्या विद्यार्थिनीने पुढे सकळ लिपी शिकून घेतली. प्रस्तुत लेखकही तिच्याबरोबर, चुकत-माकत, शिकला. पानांचे लिप्यंतर झाले आहे आणि कोणत्या ग्रंथाशी ती जुळतात याचा शोध चालू आहे. नदीत गेलेली पाने परत येणार नाहीत. तथापि त्या घरात आज ती पोथी वाचणारी एक व्यक्ती आहे, आणि म्हणून तिचे विसर्जन करण्याचे कारण आता त्या घराला उरलेले नाही.